नवं मेट्रो स्थानक: नावाचा वाद आणि जिन्याची जागा

पुण्यात नगर रस्त्यावर वाघोलीच्या बाजूला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या भागात उन्नत मेट्रो स्थानक येणार आहे आणि नावावरून आत्ताच तीन तट पडले आहेत. सोसायट्यांच्या मंडळींना सगळ्यांत मोठ्या गृहसंकुलाचं नाव हवं आहे, मूळ गावकऱ्यांना वस्तीचं जुनं नाव हवं आहे, आणि काहींना भागातल्या एका दिवंगत, आदरणीय व्यक्तीचं नाव द्यायचं आहे. "यातलं कोणतं योग्य? आणि स्थानक आपल्या भागाचं वाटावं म्हणून डेक्कन मेट्रो स्थानकासारखं पगडीच्या आकाराचं छप्पर मागावं का?" असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी आर्किटेक्ट आहे. गेली बावीस वर्षं रेल्वे आणि मेट्रो स्थानकांच्या आतली रचना आणि दिशादर्शक फलक हेच माझं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते. तुमचे दोन प्रश्न वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत. एखादी बाई पहिल्यांदाच तुमच्या भागात येते आहे, गाडीतून उतरते आहे, संध्याकाळचे सात वाजलेत आणि बाहेर पाऊस आहे. आपण बरोबर ठिकाणी उतरलो का आणि आता कुठल्या बाजूला जायचं, या दोन गोष्टी तिला कुणाला न विचारता कळायला हव्यात. पहिलं काम नावाचं, दुसरं जिन्याचं.

आता तुमच्या हातात काय आहे तेही सांगते. वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या वाढीव मार्गांना केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर आणि १३ स्थानकं. प्रकल्प अहवालात स्थानकांना नावं असतात, पण ती पुष्कळदा कामचलाऊ असतात. आराखडा करणाऱ्याने नकाशावर जे ठळक दिसलं ते लिहिलेलं असतं. ती बदलतात. पुण्यातच सिव्हिल कोर्टचं जिल्हा न्यायालय झालं. कसबा पेठेतलं स्थानक आधी बुधवार पेठ म्हणून ओळखलं जात होतं, ते कसबा पेठ झालं. भोसरी नावाचं स्थानक प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे, भोसरी गाव तिथून बरंच पुढे. त्याचंही नाव नाशिक फाटा करावं लागलं. भोसरीला जायचं म्हणून तिथे उतरून रिक्षा शोधणाऱ्या माणसाची कल्पना करा, म्हणजे नाव चुकलं की त्याची किंमत कोण मोजतं ते कळेल.

म्हणून नावाची माझी पहिली कसोटी अशी: जिथे जिना उतरतो त्याच जागेचं नाव हवं. दोन किलोमीटरवरच्या प्रसिद्ध ठिकाणाचं नको. जुन्या रेल्वेकडे यासाठी एक चांगली सोय होती. गाव लांब असेल तर नावापुढे 'रोड' लावायचे. नाशिक रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड. अर्थ असा की हे गाव नव्हे, इथे उतरा आणि गावाचा रस्ता धरा. प्रवाशाशी केलेला तो प्रामाणिक व्यवहार होता. मुंबईत मेट्रोचं 'अंधेरी पश्चिम' स्थानक डी. एन. नगरला आहे आणि अंधेरीच्या लोकल स्टेशनपासून चांगलं लांब आहे. लोकल पकडायची म्हणून तिथे उतरणाऱ्या नवख्या माणसाला हे नाव काहीच सांगत नाही. त्याहून अवघड म्हणजे ते स्थानक मेट्रोच्या पहिल्या मार्गावरच्या ज्या स्थानकाला पुलाने जोडलं आहे, त्याचं नाव डी. एन. नगर. तिकडे गुंदवली आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे यांचंही तेच. पुलाने जोडलेली दोन स्थानकं आणि दोन वेगळी नावं. मरोळ नाक्याला मात्र दोन्ही मार्गांवर मरोळ नाका हेच नाव ठेवलं, आणि तिथे गाडी बदलताना माणूस गोंधळत नाही.

दुसरी कसोटी, ते नाव शहरात एकच असावं. तुमच्या मार्गाचं शेवटचं स्थानक विठ्ठलवाडी. पुणेकराला विठ्ठलवाडी म्हटलं की आधी सिंहगड रस्त्यावरचं देऊळ आठवतं, आणि कल्याणहून येणाऱ्याला तिकडचं लोकल स्टेशन. वडगावांचं बघा. वडगाव शेरी तुमच्या नगर रस्त्याच्या बाजूला, वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला. नुसतं 'वडगाव' लिहून भागत नाही. सुटसुटीत दिसावं म्हणून शेरी, बुद्रुक, खुर्द गाळण्याचा मोह होतो. तो टाळा. ते शेपूट आपल्या आजे-पणज्यांनी याच गोंधळासाठी लावलेलं आहे. गाडीतल्या घोषणेचाही विचार करा. गर्दीत नावाचा एखादाच तुकडा कानावर पडतो. मुंबईत एकाच मार्गावर पहाडी गोरेगाव आणि गोरेगाव पश्चिम लागोपाठ आहेत, आणि दुसऱ्या मार्गावर गोरेगाव पूर्व. तिथे कान देऊन ऐकावं लागतं.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची, आणि इथे तुमच्या गृहसंकुलाचा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे: बिल्डरने दिलेलं नाव स्थानकाला देऊ नये. ते नाव विक्रीसाठी ठेवलेलं असतं. उद्या शेजारी त्याहून मोठा प्रकल्प उभा राहील, तेव्हा हाच वाद पुन्हा होईल. पण हे सरसकट मात्र म्हणता येत नाही. कोथरूडचं वनाझ हे नाव एका कारखान्यावरून आलं. आज वनाझ म्हटलं की कारखाना क्वचितच कुणाच्या मनात येतो. तो बसथांबा आहे, चौक आहे, पत्ता आहे. लोकांनी ते नाव स्वतःहून उचललं आणि कित्येक वर्षं वापरलं. म्हणून मालकी कुणाची यापेक्षा ते नाव लोकांच्या तोंडात किती रुळलंय हे मी बघते.

ते बघण्याची माझी पद्धत सांगते, तुम्हीही करू शकता. शहराच्या वेशीवरच्या एका स्थानकाचं काम माझ्याकडे होतं. सकाळी सहा ते नऊ मी जागेवरच्या चहाच्या टपरीशी वही घेऊन उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला "या जागेचं नाव काय?" असं विचारलं नाही, कारण तसं विचारलं की माणूस पाटीवरचं सांगतो. मी विचारलं, "घरून फोन आला, कुठे पोचलात म्हणून, तर काय सांगता?" एक बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन सहा आसनी रिक्षातून उतरत होत्या. पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "जकात नाक्यापाशी आले म्हणते. दुसरं काय म्हणणार?" पुण्यात महापालिकेची जकात २०१३ साली बंद झाली. नाक्याची शेडसुद्धा तिथे उरली नव्हती. तरी त्या सकाळी वहीत सगळ्यांत जास्त वेळा तेच नाव आलं. शाळकरी मुलंसुद्धा तेच म्हणत होती, ज्यांनी जकात कधी पाहिलीच नाही.

तरीही मी निव्वळ 'जकात नाका' सुचवलं नाही, कारण शहराच्या प्रत्येक वेशीवर एकेक जकात नाका होता. मूळ वाडीचं नाव पुढे आणि नाका मागे असं सुचवलं. वाडीचं नाव नव्या रहिवाशांच्या कानावरून गेलेलंच नव्हतं. पण वहीत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ते येत होतं, सातबाऱ्यावर होतं आणि देवळाच्या कमानीवरही होतं.

गावकऱ्यांची बाजू मला जवळची वाटते ती इथे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या दोन मेट्रो मार्गांवर एक फार चांगली गोष्ट झाली आहे. एक्सर, वळनई, कांदरपाडा, मोगरा, गुंदवली, आकुर्ली, मागाठाणे, ओवरीपाडा अशी जुन्या गावांची आणि पाड्यांची नावं स्थानकांना मिळाली. बोरिवली-कांदिवलीत वर्षानुवर्षं राहिलेल्या अनेकांना ही आपल्याच भागाची नावं आहेत हे पाटी वाचून कळलं. ज्यांच्या शेतांवर आणि घरांवर शहर वाढलं त्यांचं नाव रोज लाखो तोंडी यावं, यात मला न्याय दिसतो. मात्र ते नाव बरोबर त्याच जागेचं असायला हवं, ही पहिली कसोटी इथेही सुटत नाही.

दिवंगत व्यक्तीच्या नावाबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण त्यामागे खरी माया असते. अडचण एवढीच की मोठं नाव गर्दीच्या तोंडात मोठं राहत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं बोलताना सीएसएमटी होतं. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या नावाचं स्थानक पीसीएमसी झालं. आदर म्हणून दिलेल्या नावाची आद्याक्षरं होतात, आणि ज्याचा मान राखायचा तोच त्यातून निघून जातो. दुसरं, व्यक्तीचं नाव जागा सांगत नाही. मुंबईत भुयारी मेट्रोचं जगन्नाथ शंकरशेठ स्थानक मुंबई सेंट्रलला आहे. नाना शंकरशेठांनी मुंबईसाठी जे केलं त्यापुढे हा मान लहानच. पण गावाहून रात्रीच्या गाडीने जायला निघालेल्या प्रवाशाला मुंबई सेंट्रलला इथेच उतरायचं, हे फलकावर वेगळं सांगावं लागतं. तुमच्याकडे मी असं सुचवेन की स्थानकाला जागेचं नाव द्या आणि त्या व्यक्तीचं नाव स्थानकासमोरच्या चौकाला किंवा पादचारी पुलाला पूर्ण स्वरूपात द्या, कोण होते आणि भागासाठी काय केलं हे चार ओळींत लिहून. चौकातला माणूस थांबून वाचतो. फलाटावरच्याला तेवढा वेळ नसतो.

नाव ठरलं की ते आधी देवनागरीत पक्कं करा, मग रोमन. हे क्षुल्लक वाटेल, पण उलट केलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका कामात घोषणांची यादी ध्वनिमुद्रणाला रोमन लिपीत गेली आणि ज्या नावांत 'ळ' होता ती सगळी 'ल' होऊन परत आली. कळव्याचं कलवा, परळचं परेल. हा बदल एकदा स्पीकरवरून रोज ऐकू येऊ लागला की पुढची पिढी तसंच म्हणते.

फलकाचंही तेच. एका स्थानकावर नावात 'खुर्द' होतं. पत्र्याच्या पट्टीची उंची ठेकेदाराने इंग्रजी अक्षरांवरून काढली होती. ए, बी, सी एका रेषेत मावतात. आपल्या 'खुर्द'ला वर रफार आणि खाली उकार. पट्टी बसवल्यावर रफार वरच्या दुमडीत गेला, उकार खालच्या दुमडीत, आणि उरलं 'खद'. मी फलाटाच्या टोकाला उभी राहून ते बघत होते आणि शेजारचे एक आजोबा नातवाला विचारत होते, हे कुठलं गाव. तेव्हापासून मी नमुना तपासताना नावातलं सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खोल जाणारं अक्षर आधी बघते. मराठी आणि इंग्रजी अक्षरं एकाच मापाची घेतली तर मराठी डोळ्याला लहान दिसतं, म्हणून ते थोडं मोठं घ्यावं लागतं. आणि नमुन्याचा फलक कार्यालयातल्या टेबलावर पाहून मंजूर करू नये. गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, खिडकीतून, गाडी हळू होत असताना तो वाचता येतो का ते बघावं.

आता छप्पर. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांचे पगडीच्या घाटाचे आकार नदीपलीकडून ओळखू येतात. नदीकाठची ती मोकळी जागा आहे आणि दुरून बघायला अंतर मिळतं, म्हणून तिथे ते शोभतं. नगर रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारती आणि मधोमध खांबांवर स्थानक. तुमचं छप्पर दिसेल ते समोरच्या सहाव्या मजल्यावरून. रोज वापरणाऱ्याला ते दिसणारच नाही. शिवाय छपराची लांबी-रुंदी गाडीच्या डब्यांवर आणि खांबांच्या अंतरावर ठरते, तिथे तुमच्या म्हणण्याला वाव कमी. तुमचा जोर जमिनीवर लावा. तिथे अजून बरंच काही बदलता येतं, पण जिन्यांच्या जागा ताब्यात येऊन पाया खणायला सुरुवात होईपर्यंतच. त्यानंतर कुणी कितीही पत्रं लिहिली तरी जिना हलत नाही.

जिना कुठे टेकतो हे सगळ्यांत महत्त्वाचं. बहुतेक वेळा तो फुटपाथवर टेकतो आणि फुटपाथ गिळतो. पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असं भारतीय रोड काँग्रेसचे निकष सांगतात. जिना टेकल्यावरही तेवढी रुंदी उरते का, हे आराखड्यावर पट्टी ठेवून बघा. उरत नसेल तर जिना शेजारच्या जागेत सरकवण्याची मागणी करा. तुमच्या भागात मोठी संकुलं आहेत. त्यांच्यातलं एखादं रस्त्यालगतचे चार-पाच मीटर द्यायला तयार झालं, तर नाव मिळण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट होईल, त्यांच्यासाठीसुद्धा.

लिफ्ट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मागा. एकाच बाजूला असेल तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आधी नगर रस्ता ओलांडावा लागतो, आणि ते अवघड असतं म्हणून तर तो मेट्रोने आला होता. लिफ्टचं जोतं पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून उंच घेतात. ते ४५ सेंटिमीटर उंच घेतलं तर एकास बाराच्या उताराने ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. तो आराखड्यात आधीच काढलेला नसेल तर नंतर त्याला जागाच नसते. मग दोन पायऱ्या बांधून वेळ मारून नेली जाते, आणि लिफ्ट असूनही खुर्ची तिथपर्यंत पोचत नाही. असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी जीव हळहळला आहे.

तिकीट खिडकीच्या मजल्याचा, तिकीट न लागणारा भाग रस्ता ओलांडायला सगळ्यांना खुला ठेवावा, अशीही मागणी करा. मेट्रोने न जाणाऱ्या शाळेच्या मुलांना आणि वयस्करांना तो पूल होतो. त्याने स्थानक सगळ्या भागाचं होतं. पीएमपीएमएलच्या बसचा थांबा आणि रिक्षाथांबा जिन्यापासून छत्री न उघडता गाठता यावा. जिन्याच्या पायथ्याशी गुळगुळीत कोटा फरशी नको, खडबडीत दगड हवा. पावसाच्या पहिल्या सरीत सगळ्यांत जास्त माणसं घसरतात ती शेवटच्या दोन पायऱ्यांवर.

बाहेर पडण्याच्या दारांना आकडे द्या, आणि आकड्यापुढे त्या बाजूचं ठिकाण लिहा. पूर्व-पश्चिम पुण्यात चालत नाही. मुंबईत रेल्वे उत्तर-दक्षिण धावते म्हणून तिथे पूर्व आणि पश्चिम लहान मुलालाही कळतं. पुणेकर शाळा, देऊळ, पूल, फाटा यांवरून रस्ता सांगतो. 'दार २, शाळेची बाजू' असं लिहिलं की झालं.

भागाची ओळख हवी तर ती डोळ्याच्या उंचीवर आणा. मेक्सिको शहराची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमन यांनी स्थानकांसाठी चित्रचिन्हं केली, वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून. चापुल्तेपेक म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत टोळाची टेकडी, म्हणून त्या स्थानकाला टोळाचं चित्र आहे. आपल्या गावांच्या नावांत झाडं, प्राणी, देव भरपूर आहेत. वाघोलीला वाघेश्वराचं देऊळ आहे. तुमच्या वस्तीच्या नावात काय दडलं आहे ते जुन्या माणसांना विचारा आणि त्याचं एक साधं चित्र फलकावर नावाशेजारी मागा. जिन्याजवळच्या भिंतीवर वस्तीचा जुना नकाशा लावता येईल, त्यात ओढा, विहिरी, पार दाखवून. त्याला खर्च फार नाही आणि नवीन राहायला आलेली मुलं तो रोज बघतील.

थोडक्यात, माझा कौल वस्तीच्या जुन्या नावाला आहे, जर स्थानक खरंच त्या वस्तीत असेल आणि शहरात दुसरं त्या नावाचं ठिकाण नसेल तर. असेल तर त्याला गावाची किंवा फाट्याची जोड द्या. निर्णय शेवटी सरकारदरबारी होतो. तुमच्याकडून तिन्ही तटांच्या सह्यांचं एकच पत्र गेलं तर त्याला वजन येतं, तीन पत्रं गेली तर तिन्ही फाइलला लागतात.

पत्र लिहिण्याआधी एक करा. तिन्ही बाजूंचा एकेक माणूस घेऊन एका कामाच्या दिवशी सकाळी जागेवर उभे राहा, वही घेऊन, आणि तोच फोनचा प्रश्न शंभर जणांना विचारा. रिक्षावाले, दूधवाले, कामाला येणाऱ्या बायका, सोसायटीचे रखवालदार, सगळ्यांना. प्रत्येक उत्तर जसं तोंडून आलं तसं देवनागरीत लिहा. परत निघताना टेप घ्या आणि जिथे जिना टेकणार आहे तिथला फुटपाथ मोजा. ती वही आणि तो आकडा पत्राला जोडा.